कीटण

मालारच्या बांधाला भगदाड पडलं त्या आठवड्यात
इनासच्या फावड्याला जबडा लागला.
त्याने डोक्यावरची टोपी काढली, जबडा टोपीत ठेवला,
विहिरीवर नेऊन धुतला, बरा दिसावा म्हणून,
आणि मग पंचायतीला फोन केला.

मी पोचले दुपारच्या फेरीने,
हातमोजे, मास्क, टोपीवर टोपी.
इनास उघड्या हातांनी उभा.
"बाय, हें कोणाचें गे?"
म्हटलं, बघू. आम्ही हेच म्हणतो नेहमी.

डीएनए मिळाला नाही.
मिळेल असं मलाही वाटलं नव्हतं.
इथला जांभा आंबट, खाजनाचं पाणी खारं,
वर्षातले चार महिने तर जमीन सुकतच नाही.
धागा तुटत तुटत इतका आखूड होतो
की कुठल्याच माणसापर्यंत पोचत नाही.

राहिलं कीटण.
खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला,
तांदळाच्या कणीएवढा पिवळट दगड.
हाडांवर माती नंतर चढते,
हा मात्र माणूस जेवत असतानाच चढतो,
गिळलेल्याचा थोडा थोडा हिशोब ठेवत.

दगड आम्लात विरघळवला.
यंत्राने रात्रभर तोलून सकाळी यादी दिली:
सगळ्यात वर केराटिन, माणसाचं, ताजं.
इनासचे हात की माझी मान,
ते यंत्र सांगत नाही.
खाली अंड्याचं प्रथिन, तेही ताजं,
कोणाचा तरी ऑम्लेट-पाव.
आम्ही सगळे एका रकान्यात गेलो: वगळणे.

जुनं ओळखायचं ते मोडतोडीवरून.
साखळीतली काही आम्लं वयाने बदलतात,
इतकी, की मेंढीचं दूध
कागदावर गायीचं दिसू लागतं.
आम्ही धडधाकट होतो, म्हणून बाद.

उरला दुधाच्या प्रथिनाचा एक तुकडा.
चौदा आम्लं, त्यांतलं सहावं लायसिन.
गायीत तिथे ते नसतं,
मेंढीतही नसतं.
मी तीनदा पाहिलं. मग ओंकारला उठवून दाखवलं.
शेळी.

आणि दाताच्या कवचात पुरुषाची खूण सापडली नाही,
म्हणजे बहुधा बाई.
'बहुधा' हा शब्द अहवालात तसाच ठेवला.

इनासला सांगायला परत गेले.
तो हसला, "बोकडी? हांगा, खाजनांत?"
त्याच्या घरी शेळी नाही, शेजारीही नाही.
दूध पिशवीतून येतं, सकाळच्या पहिल्या फेरीने,
उशीर झाला की कोरा चहा.
मग हसायचं थांबून म्हणाला,
"तिका नांव आसतलें न्हय?"
मी म्हटलं, नाव प्रथिनात येत नाही.
सांगायची ही पद्धत नव्हे, हे बोलून झाल्यावर कळलं.

बांध आता बुजवलाय. मानशीला नवी फळी बसली.
भरतीचं पाणी येऊन फळीला लागतं
आणि मागे जातं.
कार्बनच्या तारखेला अजून दोन महिने,
तोवर ती तीनशे वर्षांपूर्वीची आहे
किंवा दीड हजार.

फेरीत उभ्या उभ्या मला सारखी एक होडी दिसते,
होडीत घाबरलेली शेळी,
आणि तिला मानेशी घट्ट धरून बसलेली कुणी.
शेळी इथे आणली कशी याचा
माझ्याकडे काही पुरावा नाही.
अहवालात होडी नाही.

जुने गोव्याचा धक्का जवळ येतो.
जीभ नकळत खालच्या दातांच्या मागे जाते,
तिथल्या खडबडीतपणावर फिरत राहते.
दातांच्या डॉक्टरची वेळ
मी तिसऱ्यांदा पुढे ढकलली आहे.